सायकलची वाट

पूर्वेकडे माथेरानच्या डोंगररांगेमागून उजाडू लागले, की पहिले ऊन खारघरच्या डोंगरमाथ्यावर पडते आणि मग सावकाश खाली उतरत उंच इमारतींच्या गच्च्यांवर येते. ते रस्त्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच रविवारी येथे एक निराळी वर्दळ सुरू झालेली असते. मोटारी अजून झोपेत असतात आणि सायकलस्वारांचे जथे डोंगराच्या दिशेने निघालेले असतात. त्यांचा आवाज असा फारसा होत नाही. वाळलेल्या पानांवरून वारा जावा तशी चाकांची सरसर तेवढी ऐकू येते आणि क्षणात विरूनही जाते.

तिसऱ्या मजल्याच्या सज्जात उभा राहून या जथ्यांकडे टक लावून पाहणारा एक बारा वर्षांचा मुलगा होता. सायकल त्याच्याकडेही होती. परंतु ती तळमजल्यावर, जिन्याखाली, कुलूप घालून उभी असे. आवाराच्या फाटकाबाहेर ती नेण्यास आईची परवानगी नव्हती. आवारात फेऱ्या माराव्यात तर आठवी-दहावी फेरी संपता संपता पहारेकरीसुद्धा जांभई देऊ लागे. शाळा घरापासून अवघी दोन किलोमीटर. तेथे तो शाळेच्या बसने जाई आणि ती बस अनेक सेक्टरांना वळसे घालीत चाळीस मिनिटांनी शाळेच्या दारात पोहोचे. अंकगणिताच्या पुस्तकातले एखादे विनोदी उदाहरण शोभावे, असा हा प्रकार होता. चालत गेला असता, तरी तो दहा मिनिटे आधी पोहोचला असता!

त्या वर्षी श्रावणात त्याचे आजोबा पुण्याचे बिऱ्हाड मोडून कायमचे खारघरला राहावयास आले. सत्तरी ओलांडलेली, पण अंगकाठी ताठ. उभी हयात टपालखात्यात गेलेली. सामानाच्या टेम्पोतून पेट्या, वळकट्या, पितळी डबे असे काय काय उतरले आणि सर्वांत शेवटी, जुन्या चादरीत जपून गुंडाळलेली एक काळी सायकल उतरली. सून म्हणाली, "बाबा, ही कशाला आणलीत? येथे चालवणार कोठे?" आजोबांनी चादर सोडली, हँडलवरची घंटी एकदा वाजवून पाहिली आणि ते म्हणाले, "सूनबाई, ती मला घेऊन आली असे समजा."

नातवाला आता बळ चढले. एके दिवशी जेवताना त्याने विचारले, "आजोबा, सायकलने पुण्याला जाता येईल का हो?"

"न जायला काय झाले? जुन्या रस्त्याने एकशेवीस किलोमीटर भरेल. लोणावळ्यास मुक्काम केला, तर दोन दिवसांचे काम."

सगळ्यांना वाटले, आता आई संतापणार. परंतु ती शांतपणे म्हणाली, "पुण्याला खुशाल न्या. तेथे तुम्ही सोबत असाल. शाळेत मात्र तो एकटा जाईल. मला पुण्याची भीती वाटत नाही; शाळेची वाटते."

या वाक्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेकडो कोसांची मजल मारणारे सायकलस्वार जगात पुष्कळ आहेत. त्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात. पण बारा वर्षांच्या मुलाला घरापासून शाळेपर्यंत सायकलवरून निर्धास्तपणे पाठवता येईल, अशी शहरे किती? त्यांनी मनाशी काही ठरवले. पाऊस ओसरला, की दर रविवारी नातवाला घेऊन हे शहर पाहावयाचे. पुण्याची तयारीही होईल आणि शाळेचा रस्ताही कळेल.

खारघर हे आपोआप वाढलेले गाव नव्हे. ते आधी कागदावर उमटले आणि मग जमिनीवर. मुंबई बेटावर माणसांची दाटी होऊ लागली, तेव्हा १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, अशी सूचना मांडली. १९७० साली त्या कामासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले. पुढे हळूहळू या डोंगरपायथ्याच्या भातखाचरांवर सेक्टर आखले गेले. बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे ही मूळची गावे त्या आखणीच्या मधूनमधून आपापल्या जागी राहिली. जणू आलेखाच्या कागदावर कोणी हाताने चित्रे काढली आहेत! येथे माणसे पत्ता सांगताना गल्लीचे नाव सांगत नाहीत, आकडा सांगतात. आजोबांना हे फार चमत्कारिक वाटे. ज्या शहरात मुरलीधराचे नाव खुन्या आणि मारुतीचे जिलब्या असते, तेथे आयुष्य घालवलेल्या माणसाला 'सेक्टर अकरा' म्हणजे घराचा पत्ता न वाटता टपालाच्या पोतडीचा क्रमांक वाटावा, यात नवल नाही.

पहिल्या रविवारी दोघे उत्सव चौकाकडे गेले. रस्ता एवढा रुंद, की पेठेतल्या चार गल्ल्या त्यात शेजारी शेजारी निजल्या असत्या. डोक्यावरून मेट्रोचा पूल. बेलापूरहून पेंधरला जाणारी ही गाडी २०२३ सालच्या नोव्हेंबरात सुरू झाली. "एवढा मोठा रस्ता! सायकलीला आणखी काय हवे?" नातू आनंदाने म्हणाला. सकाळी सहा वाजता त्याचे म्हणणे खरेही होते. आठ वाजता परतताना मात्र तोच रस्ता निराळा झाला होता. रस्ता रुंद आणि मोकळा दिसला, की मोटारी आपोआप वेग घेतात; आणि चौकाच्या मोठ्या वर्तुळात चारी बाजूंनी वाहने शिरू लागली, की सायकलस्वाराने कोणत्या क्षणी आत पाऊल टाकावे, हेच त्याला उमगत नाही. दोघे खाली उतरले, सायकली हातात धरून रस्ता ओलांडून गेले. नातवाने घरी येताच वहीत एक चौकोन काढला आणि त्याभोवती लाल पेन्सिल फिरवली.

दुसऱ्या रविवारी ते पांडवकड्याच्या बाजूला गेले. हा धबधबा एकशेसात मीटर उंचीवरून कोसळतो. पावसाळ्यात त्याचे रौद्र रूप पाहावयास लोक धाव घेतात. पण तेथे अनेकांचे प्राण गेले असल्यामुळे त्या दिवसांत जवळ जाण्यास मनाई केली जाते. आश्विनात त्याची एक चंदेरी दोरी तेवढी उरली होती. त्या बाजूचा रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो आणि तेथे झाडांची सावली आहे. वहीत एक लांब हिरवी रेघ उमटली.

तिसऱ्या रविवारी मात्र कसोटी लागली. डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी असे आदिवासी पाडे आहेत. त्यांच्याकडे जाणारा रस्ता वळणे घेत वर चढतो आणि रविवारचे ते जथे जातात ते याच चढावर. नातू पहिल्या दोन वळणांत जोर करून पुढे निघून गेला आणि तिसऱ्या वळणावर दगडावर धापा टाकीत बसलेला आढळला. आजोबा चालतच वर आले. त्यांनी सायकल हातात घेतली होती आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. "चढावर सायकल आपल्याला नेत नाही, आपण तिला नेतो. उतारावर ती ते फेडते," ते म्हणाले.

माथ्यावरून सारे खारघर नकाशासारखे पसरलेले दिसले. पलीकडे खाडीचे चकाकणारे पाणी, महामार्गावर मुंग्यांसारखी वाहने. नातवाने आधी घर शोधले, मग शाळा. दोन्ही इतकी जवळ होती, की हाताचा तळवा पुढे धरला तर दोन्ही त्याआड झाकली जात. आणि तेवढ्यात त्याला एक गोष्ट दिसली. घर आणि शाळा यांच्यामध्ये मोठा रस्ता होताच; पण त्याच्या मागे, कौलारू घरांच्या आणि झाडांच्या गर्दीतून, एक वाकडीतिकडी वाट गेलेली होती. ते जुने गावठाण होते. शाळेची बस तिकडे कधी वळत नसे. कारण बसला तेथे वळताच आले नसते!

चौथ्या रविवारी दोघे त्या वाटेने गेले. अरुंद गल्ली, दारातल्या तुळशी, वाळत घातलेली मासळी, मध्येच एक देऊळ, रस्त्यात आडव्या बसलेल्या दोन म्हशी. येथे मोटार आलीच, तर तीही माणसाच्या चालीने येई. कारण कोपऱ्यावरून पोर धावत येईल की कोंबडी, याचा चालकाला भरवसा नसे. रुंद रस्त्यावर जीव मुठीत धरून चालवणारा नातू येथे एका हाताने घंटी वाजवीत मजेत चालला होता. शहाण्यांनी नकाशे काढून आखलेल्या रस्त्यापेक्षा कोणीच न आखलेली वाट सायकलला अधिक मानवली, हे पाहून आजोबांना हसू आले. अर्थात या वाटेच्या शेवटी शाळेपाशी एक मोठा रस्ता ओलांडावाच लागे. त्या जागी वहीत पुन्हा लाल वर्तुळ आले.

नाताळच्या सुट्टीत पुण्याचा बेत ठरला. वडील सामान घेऊन मागून मोटारीने लोणावळ्यास येणार होते. पहाटे पाचला अंधारातच दोघे निघाले. कळंबोली, पनवेल मागे पडले. उजवीकडे कर्नाळ्याचा सुळका आणि डावीकडे प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा उजाडत्या आकाशावर उमटला. पुढे चौक गावापाशी इर्शाळगड दिसला. त्याच्या माथ्यावर सुईच्या नाकासारखे आरपार भोक आहे. त्यास नेढे म्हणतात. त्याच गडाच्या कुशीतली इर्शाळवाडी २०२३ सालच्या जुलै महिन्यात दरड कोसळून गाडली गेली. आजोबांनी तेथे सायकल थांबवली. ते काही बोलले नाहीत. नातूही बोलला नाही.

खालापूरच्या अलीकडे नातवाचे मागचे चाक बसले. आजोबांनी पिशवीतून पाना, कानस आणि चिकटवण्याचे सामान काढले. जवळच्या चहावाल्याकडून घमेलेभर पाणी मागून घेतले. ट्यूब पाण्यात फिरवताच बुडबुड्यांनी आपली जागा सांगितली. ठिगळ वाळेपर्यंत त्यांनी नातवाला डनलॉपची गोष्ट सांगितली. बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाचा पशुवैद्य राहत होता. त्याच्या मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावरून फार दणके देई. मुलाचे अंग दुखू नये म्हणून बापाने रबराची नळी हवेने फुगवून चाकांना बसवली आणि १८८८ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. "म्हणजे हे टायर एका मुलासाठी निघाले?" नातवाने विचारले. "एका मुलासाठीच. मोठ्यांनी ते नंतर वापरले," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पंप नातवाच्या हाती दिला.

खोपोलीस पोहोचेपर्यंत ऊन चांगलेच तापले होते. समोर सह्याद्रीची भिंत उभी. तिच्या अंगावरून मोठे नळ खाली आलेले असतात. वर लोणावळ्याच्या बाजूला बांधलेल्या तलावांतले पाणी त्या नळांतून खाली उतरते आणि येथील वीजघरात जनित्रे फिरवते. १९१५ सालापासून हे काम चालू आहे. नातवाने मान वर करून पाहिले. जेवढ्या उंचीवरून पाणी खाली येत होते, जवळजवळ तेवढेच त्याला आता वर जावयाचे होते आणि त्याच्या पायांना कोणी नळ बसवले नव्हते!

बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला आणि १८६३ साली येथून आगगाडी गेली. ही वाट इंग्रज साहेबांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, असे लोक सांगतात. घाटात त्याचे देऊळ आहे आणि जाणारेयेणारे तेथे नाणे टाकल्यावाचून पुढे जात नाहीत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे वीरही याच चढावर एकमेकांचा दम पाहतात. जो आधी वर पोहोचतो, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आपले दोघे राजे मात्र सायकली ढकलीत, दर वळणावर पाणी पीत देवळापर्यंत आले. नातवाने नाणे ठेवले.

वर एका टप्प्यात जुना रस्ता द्रुतगती मार्गाला मिळतो. तेथे मालमोटारींची अखंड रांग घरघरत होती. नातू पुढे सरसावला. आजोबांनी त्याच्या हँडलवर हात ठेवला. त्यांनी एका टेम्पोवाल्याला थांबवून विनंती केली, सायकली टेम्पोत चढवल्या आणि तेवढा टप्पा दोघे टेम्पोत बसून गेले. नातवाचे तोंड एवढेसे झाले. "मग आपण सायकलने पुण्याला गेलो, असे कसे म्हणायचे?"

"टेम्पोचा टप्पा वगळून म्हणावे. खरे सांगण्यात लाज कसली? आणि तुझ्या आईला मी तुला परत देणे लागतो."

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशेवीस मीटर उंच. रात्री थंडी मी म्हणत होती. पांघरुणात शिरल्यावर आजोबांनी १९२३ सालची हकिकत सांगितली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण-इराकची वाळवंटे, युरोपातले आल्प्स पर्वत, अमेरिका, जपान, चीन असे करीत १९२८ सालच्या मार्च महिन्यात मुंबईस परतले. सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटरांची ती सफर होती. आजोबा पुढे म्हणाले, "आणि हे काम पुरुषांनीच करावे, असे नाही हो. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने विसाव्या वर्षी सायकलवरून सुमारे एकोणतीस हजार किलोमीटरांची जगप्रदक्षिणा केली, तीही एकटीने." नातवाने विचारले, "तिच्या आईने सोडले?" आजोबांपाशी याचे उत्तर नव्हते. बहुधा ते झोपी गेले असावेत.

दुसरा दिवस उताराचा आणि सपाटीचा. कामशेत, मग वडगाव. येथे १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना तह करावयास लावला. नंतर तळेगाव, देहूरोड, आणि आकुर्डी. आकुर्डीला आजोबांनी बोट दाखवले. येथे बजाजचा स्कूटरचा कारखाना होता. १९७२ साली 'चेतक' बाजारात आली आणि ती मिळावी म्हणून लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. "माझेही नाव नोंदवलेले होते," आजोबा किंचित ओशाळून म्हणाले. "मिळाल्यावर आठ वर्षे मी ही काळी सायकल माळ्यावर टाकून दिली होती. ते चूकच झाले."

पुणे म्हणजे सायकलींचे शहर, अशी एके काळी ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. आजोबांच्या बालपणी शाळेच्या, कॉलेजच्या, कचेरीच्या दारात सायकलींच्या रांगाच रांगा दिसत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला, की कामगारांच्या सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई आणि त्यात मोटारवालाच अंग चोरून उभा राही. कोपऱ्याकोपऱ्यावर सायकली ताशी भाड्याने मिळत. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे. दिवा नसला किंवा मागे कोणाला बसवले, की पोलीस अडवीत. म्हणून चौक जवळ आला की मागचा मित्र टुणकन उतरे, चौक चालत ओलांडी आणि पलीकडे पुन्हा उडी मारून बसे. प्राध्यापक, भाजीवाले, डॉक्टर, टपालवाले, नऊवारी नेसलेल्या शिक्षिका, सगळे एकाच वाहनावर! कोण मोठा आणि कोण लहान, हे त्या गर्दीत ओळखू येत नसे.

नातवाला हेच पुणे पाहावयाचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पेठांत शिरले आणि दहाच मिनिटांत थांबले. पुढे जाण्यास वाव नव्हता. दुचाक्या, रिक्षा, मोटारी आणि त्यांचे कर्णे. ज्या दुकानातून आजोबांनी दोन आण्यांना तासभर सायकल घेतली होती, तेथे आता मोबाइल फोन विकत होते. पुण्यात २००६ नंतरच्या काळात बऱ्याच रस्त्यांच्या कडेला सायकलींसाठी निराळे मार्ग बांधले गेले. २०१७ साली महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. परंतु नातवाला भेटलेल्या मार्गावर एके ठिकाणी मोटार उभी होती, पुढे वडापावची गाडी होती आणि त्यापुढे मार्गच संपला होता. सवय मोडावयास दहा-वीस वर्षे पुरतात. ती पुन्हा लावणे त्याहून कितीतरी अवघड असते.

मग आजोबांनी त्याला कर्वेनगरातल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात नेले. तेथे जुन्या सायकलींचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने जतन केलेले आहेत. विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची सायकल पाहून नातू तिच्यासमोरून हलेना. आजोबा मात्र एका साध्या काळ्या सायकलपाशी उभे राहिले. ती अगदी त्यांच्या सायकलसारखी होती. आपली रोजची वस्तू संग्रहालयात ठेवलेली पाहणे, हा काही फार सुखाचा अनुभव नसावा.

येथे एका दूरच्या देशाची हकिकत सांगितली पाहिजे. हॉलंड हा देश सायकलींसाठी जगभर नावाजलेला आहे. तेथे लहान मुले एकटी सायकलवरून शाळेत जातात. लोकांना वाटते, तेथे पूर्वीपासून असेच असावे. तसे मुळीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली मागे हटल्या. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता, 'मुलांची हत्या थांबवा'. मग आईबाप रस्त्यावर उतरले. आम्स्टरडॅमच्या एका दाट वस्तीतल्या मुलांनी तर सह्या गोळा केल्या, स्वतः अडथळे उभे करून आपली गल्ली मोटारींना बंद केली आणि चिडलेल्या मोटारवाल्यांशी वादही घातला. ती मुले तुमच्याच वयाची होती. १९७३ साली खनिज तेलाची टंचाई झाली, तेव्हा सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि रिकाम्या रस्त्यांवर लोकांना आपले शहर पुन्हा दिसले. त्यानंतर हळूहळू, रस्त्यामागून रस्ता, सायकलींना त्यांची जागा मिळाली. म्हणजे हॉलंडने सायकल सोडता सोडता परत धरली.

परतीचा प्रवास वडिलांच्या मोटारीतून झाला. सायकली टपावर बांधल्या होत्या. नातू वाटभर वही उघडून बसला होता. खारघरला येताच त्याने दोन दिवस खपून मोठ्या कागदावर घर ते शाळा असा नकाशा काढला. गावठाणाची वाट हिरवी. म्हशी बसतात ती जागा, आंधळे वळण, खड्डा, सावलीची झाडे, सगळे त्यात होते. लाल वर्तुळे दोनच उरली होती. त्यातले एक उतरून, सायकल हातात धरून ओलांडता येण्याजोगे होते. दुसरे शाळेसमोरचे. तेथे सकाळी सात वाजता मोटारी, बसगाड्या आणि मुले एकदमच येत.

या दुसऱ्या वर्तुळाविषयी आजोबांनी एक अर्ज लिहिला. टपालखात्यातल्या माणसाचा अर्ज तो. त्यात एकही शब्द जास्त नव्हता. शाळेसमोर गतिरोधक आणि पांढरे पट्टे असावेत, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी तेथे मनुष्य नेमावा, एवढेच मागणे. सोबत नकाशाची प्रत. आवारातल्या मुलांनी त्यावर सह्या केल्या. त्यांपैकी तिघांच्या सायकलीही जिन्याखालीच होत्या, हे तेव्हा कळले. अर्ज गेला. पोच आली. पट्टे यावयाचे आहेत. मुख्याध्यापकांनी मात्र सकाळी शाळेचा एक शिपाई हातात लाल निशाण देऊन त्या जागी उभा केला.

आईने नकाशा पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. दोन्ही लाल वर्तुळांवर तिने बोट ठेवले. मग म्हणाली, "कागदावर काय, सगळेच दिसते."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी सहा वाजता आजोबा उठून पाहतात तो स्वयंपाकघरात दिवा होता, चहा झाकून ठेवलेला होता आणि घरात नातू नव्हता, सूनही नव्हती. ते सज्जात आले. खाली आवाराच्या फाटकातून नातवाची सायकल बाहेर पडत होती आणि तिच्यामागे त्यांची काळी सायकल. तिच्यावर सूनबाई होत्या. माहेरी सांगलीस असताना दांडीखालून पाय घालून वडिलांची सायकल चालवावयास शिकलेली ती मुलगी; वीस वर्षांत तिने हँडलला हात लावला नव्हता. पहिल्या दहा हातांत सायकल जराशी डगमगली. मग सरळ झाली आणि गावठाणाच्या दिशेने वळली.

पाऊण तासाने दोघे परतले. सून काही बोलली नाही. पदर खोचून ती थेट स्वयंपाकाला लागली. नातूही बोलला नाही. पण त्याने सोमवारचे दप्तर शनिवारीच भरून ठेवले.

आजोबा खाली गेले. काळी सायकल जिन्याखाली न ठेवता फाटकाजवळ लावलेली होती. फडक्याने पुसता पुसता त्यांच्या ध्यानात आले, की तिची बैठक दोन बोटे खाली घेतलेली आहे. खिशातला पाना त्यांनी बाहेर काढला, क्षणभर हातात धरला आणि पुन्हा खिशात ठेवून दिला.